करंगळीवरचा निळा थर

११ फेब्रुवारी १९८०, सोमवार

आजपासून धंतोलीतल्या एका दवाखान्यात ड्रेसर म्हणून, म्हणजे मलमपट्टी करायला, लागलो. भिवापूरहून सकाळच्या एस.टी.ने आलो, सोबत एक ट्रंक आणि वळकटी. राहायला गच्चीवरची खोली मिळाली. दोन खिडक्या, नळ खाली आणि भाडं माफ. म्हणजे थाट जावयाचाच! आई दिवाळीत गेली तेव्हापासून गावच्या घरात भिंतींशी बोलायची वेळ आली होती, म्हणून ही वही घेतली. शहरात निदान माणसं तरी आहेत. इथल्या आयाबाई सिंधूताईंनी आल्या आल्या चहा पाजला आणि लग्न झालं का, तेही विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं.

१४ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेबांनी जर्मनीहून मागवलेलं नवं औषध दाखवलं. जखम चिकटवायचा डिंकच म्हणा. एवढीशी नळी, आत निळं पाणी, फ्रिजमध्ये ठेवायची. जखम उथळ असेल तर टाके नाहीत, सुई नाही. रक्त टिपायचं, कडा बोटांनी जुळवायच्या, वरून थेंब सोडायचा आणि मिनिटभर धरून राहायचं. वाळताना थेंब जरा गरम होतो. मग आपल्या बोटांना लागलेला थर अ‍ॅसिटोनने पुसायचा. हे साहेबांनी दोनदा बजावलं.

मला आवडलं ते धरून राहायचं मिनिट. अनोळखी माणूस डोळे मिटून बसतो आणि आपण त्याला धरून असतो. आई गेल्यापासून मी कुणाला एवढा वेळ हात लावलेला नव्हता.

२० फेब्रुवारी

इथे कबूल करतो, चार दिवस झाले, मी बोटं पुसत नाही. संध्याकाळी खोलीवर आलं की कुणी बोलायला नसतं. मग दिवसभरात ज्यांना धरलं त्यांचे थर बघत बसतो. अंगठ्यावर इंदूबाई आहेत, त्या कोपऱ्यावर भाजी विकणाऱ्या आजी. पत्र्याने मनगट कापलं होतं. आणि आजपासून करंगळीवर प्रेमिला. सहा वर्षांची, काटोलची. तिचे वडील रुपराव इथल्या बाजारात संत्री आणतात. पेटीचा खिळा लागून भुवईच्या वर चिरलं. मी कडा जुळवल्या तशी रडायची थांबली आणि म्हणाली, "मामा, सोडू नको गा."

मला आजवर कुणी मामा म्हटलेलं नाही. मिनिट संपल्यावरही मी जरा वेळ धरून राहिलो.

२६ फेब्रुवारी

बोटांत ठोके लागतात. माझे नव्हेत, माझी नाडी मी घड्याळ लावून पाहिली. अंगठ्यातला ठोका संथ, थकलेला. करंगळीतला सारखा पळतो, दुपारी मंदावतो. तेव्हा ती झोपत असावी. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर आज जेवण गोड लागलं. पानावर एकटा नव्हतो.

सिंधूताईंनी हात पाहिला. "दुसऱ्याचं आपल्या अंगावर काहून ठेवून राहिले भाऊ? पुसून टाका," म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं.

४ मार्च

दुपारी चारला अंगठा भाजला. जवळ स्टोव्ह नाही, गरम पाणी नाही. पट्टी गुंडाळत असताना अंगठ्याला भराभरा फोड आले. सहापर्यंत ओरडू नये म्हणून टॉवेल दातांत धरून बसलो. अंगठ्यात ठोका तर सकाळपासूनच नव्हता.

५ मार्च

इंदूबाईंचा मुलगा आनंदराव आज सांगून गेला. म्हातारी काल सकाळी झोपेतच गेली. घाटावर अग्नी किती वाजता दिला, ते मी विचारलं. चारला, म्हणाला.

सगळी बोटं पुसली. थर सहज निघतो, कुणाला काही होत नाही. एकेक ठोका बंद होत गेला आणि खोलीत फक्त खालच्या नळाचं ठिबकणं उरलं. करंगळीपाशी आलो आणि हात आवरला. एक राहू दे. एकच.

९ मार्च

रुपराव आले होते. जखम छान भरली, पण पोरीचं डोकं दुखतं. कुणीतरी कपाळ दाबून धरलंय म्हणते. जेवत नाही. साहेबांनी तिला घेऊन यायला सांगितलं.

मी करंगळी मुठीत लपवली. पाच तारखेपासून मी करंगळी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून झोपतो. सुटेल अशी भीती वाटते म्हणून.

१२ मार्च

आज मूठ सोडून झोपायचं ठरवलं. उठलो तेव्हा मूठ घट्ट होती. करंगळी काळीनिळी पडली आहे. ठोका आता तेवढा पळत नाही. अडखळतो.

अ‍ॅसिटोनची बाटली खोलीत आणून ठेवली. बोळा भिजवला. करंगळीपर्यंत नेला— उद्या करतो.

१५ मार्च, दुपार

प्रेमिलाला आणलंय. खाली टेबलावर आहे. साहेबांना काही सापडत नाही— तिचा रडवेला आवाज गच्चीपर्यंत येतो. एकच म्हणते आहे. "मामाले सांगा, आता सोड म्हणा."

सिंधूताई दार वाजवून गेल्या. मी कडी काढली नाही.

बाटली उघडी आहे. बोळा ओला आहे. पुसलं की ती सुटेल. एवढं साधं काम—

पण मग पुन्हा ही खोली, आणि मी—

ही ओळ लिहून झाली की पुसतो.

रडणं थांबलं. बरं वाटलं असेल तिला. ठोका आहे अजून, लागतोय हाताला— सावकाश, पण आहे— नाही, हा तर माझा—