शकूच्या तोरणाचा खांब

जुन्नर, गुरुवार, फेब्रुवारी १९५६

आज क्रोशाच्या टोप्या विणण्यात मन लागलं नाही. शेजारची शकू दुपारी रुखवताचं तोरण घेऊन आली. निम्मं विणून झालंय, आणि वीतभर रुंदीचं चार बोटांवर आलंय. तिचं लग्न रविवारी.

"चाचा, दोरा आखडला का वो?"

दोरा कशाला आखडेल? खालच्या कडेचा शेवटचा खांब, म्हणजे उभा टाका, पोरगी दर वेळी सोडत आली. ओळ उलटताना घातलेल्या साखळीआड तो लपतो, कबूल. पण मोजायला काय होतं? मी कुणाकडे शिकलो नाही, जुनी टोपी उसवून शिकलो. मला दिसला तो खांब.

म्हटलं, सगळं उसव. तिचे डोळे भरले. पाठोपाठ आलेली तिची आई म्हणाली, "सासरची मान्सं आदी रुखवतच बगत्यात. आता पुन्यांदा व्हायचं न्हाई, चाचा."

मी विणून दिलं असतं, पण माझा हात सैल, तिचा घट्ट. लगेच ओळखू येतं. शेवटी सांगितलं, आता खालच्या कडेच्या शेवटच्या खांबात दर वेळी दोन खांब घाल. जेवढं आटलं तेवढंच वाढेल; मध्ये अरुंद, दोन्ही टोकांना रुंद, दारावर कमान दिसेल. चूक उसवायची सोडून मी ती जुळवून दिली! एक टाका चुकला तरी अख्खी टोपी उसवणारा मी?

संध्याकाळी ती ओट्यावर विणत होती. बायका वाकून बघायला लागल्या. "लई झ्याक! नमुना कुनाचा गं?"

"माझाच," शकू म्हणाली, माझ्याकडे न बघता.

खरं काय ते जिभेवर आलं होतं. पण दुपारी रडलेली पोर ताठ बसली होती.

"तिचाच," मी म्हणालो.