डॉक्टरांचा जुना नंबर

अप्पा,

तीर्थरूप वगैरे लिहीत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता खोटं लिहायची गरज उरलेली नाही. तुमच्या मुलाने माझ्या घरच्या इंटरनेटची वाट लावली, त्यावरून तुम्ही आठवलात. प्रेमाने आठवलात असं मात्र समजू नका. हे इंटरनेट तुमच्या वेळी नव्हतं, म्हणून तुम्हाला कळेल असं सांगते. इथेही माणूस नुसतं नाव सांगतो, आणि आत कुणीतरी त्या नावाचा नंबर शोधून जोडून देतं. डहाणूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसून तुम्ही तेच करायचात. फरक इतकाच की यंत्र तंबाखू मळत नाही आणि समोर कोण उभं आहे ते बघून आवाज चढवत नाही.

पन्नाशी उलटल्यावर मला माझं स्वतःचं असं पहिलं काम मिळालं. गुजराती कागदपत्रं मराठीत करायची आणि मुंबईच्या एका कचेरीला त्यांच्या साइटवरून संध्याकाळच्या आत पाठवायची. इकडच्या माणसाला दोन्ही भाषा येतात यात कौतुक ते काय, पण मुंबईच्या लोकांना आहे. तर या मसोलीच्या घरात ती साइटच उघडेना. नाव टाकलं की पडदा पांढराफटक, देवाचं नाव घेत बसावं. आणि एकदा उघडली की भसकन सगळी यायची. पुढच्या पानाला पुन्हा तेच रडगाणं. शेवटी कचेरीतून फोन आला, "मॅडम, असाच उशीर होणार असेल तर आम्ही दुसरं कुणी बघतो." इंटरनेट कंपनीचा माणूस बोलावला. तो बुटांसकट आत आला, मोबाइलवर काहीतरी फिरवलं आणि म्हणाला, "स्पीड तर फुल येते मॅडम. तुमचा लॅपटॉप डब्बा झालाय." मग तलासरीहून तुमचे चिरंजीव अवतरले. ते तिथे कॉम्प्युटरचे क्लास घेतात, म्हणजे स्वतःला जे येत नाही ते दुसऱ्यांना शिकवतात. खाण तशी माती. राउटर पूर्वी त्यांनीच बसवलेला. त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "ताई, मोठा प्लॅन घे. आणि आतलं सेटिंग मी केलंय, त्याला हात लावू नकोस. तुला नाही कळायचं." आवाजसुद्धा तुमचाच.

हात लावू नकोस. हे मी पहिल्यांदा कुठे ऐकलं ते तुम्हाला आठवत नसेल, मला आठवतं. मी तुमचा डबा घेऊन एक्स्चेंजमध्ये आले आहे. वाढवणचा एक माणूस टोपी हातात घेऊन उभा आहे. त्याची बायको बाळंतपणात अडली आहे, डॉक्टरांना फोन लावा म्हणतो आहे. तुम्ही डिरेक्टरी उघडत नाही. अख्ख्या गावाचे नंबर तुम्हाला पाठ, हाच तर तुमचा थाट. तुम्ही नंबर लावता, पलीकडे घंटा वाजते, वाजतच राहते. "लागला काय, साहेब?" तो विचारतो. "थांब. उचलतील." डॉक्टरांनी दवाखाना हलवला आहे. नवी पाटी मी शाळेच्या वाटेवर वाचली आहे, आणि नवा नंबर तुमच्याच समोर भिंतीवर चिकटवलेला आहे. मी बोट दाखवते. "हात लावू नकोस. मोठ्यांच्या कामात तोंड घालायचं नाही." आणि कुलूप लावलेल्या दवाखान्यात तुम्ही पुन्हा घंटा वाजवता. अखेर तो माणूस बाहेर पडला आणि सायकलवर स्वतःच डॉक्टरांना शोधायला गेला. बायको वाचली. मूल वाचलं नाही. पुढे एक दिवस तो सुके बोंबील घेऊन आपल्या दारात आला, साहेबांनी खटपट केली म्हणून. आणि अप्पा, तुम्ही ते घेतलेत. जेवताना खारट आहेत म्हणून नावंही ठेवलीत.

म्हणून या वेळी मी तुमच्या चिरंजीवांचं ऐकलं नाही, नुसती बघत बसले. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत एक ओळ यायची, नाव शोधतो आहे अशा अर्थाची. सगळा वेळ तिथे जात होता. मोबाइलचं नेट जोडलं की ती ओळ दिसायचीही नाही. म्हणजे लॅपटॉप धडधाकट, स्पीडही ठीक. अडत होतं ते बोर्डावर बसलेल्यापाशी. राउटरचं सेटिंग उघडलं. नावाचा नंबर कुणाला विचारायचा, याचे तिथे दोन पत्ते होते. पहिला चिरंजीवांनी हाताने भरलेला, आमच्या आधीच्या इंटरनेट कंपनीचा. ती कंपनी गावातून केव्हाच उठून गेली, तार बदलली, पत्ता तसाच राहिला. त्यांना तो पाठ होता ना! राउटर दर वेळी आधी त्या मेलेल्या पत्त्याला विचारायचा, उत्तराची वाट बघायचा, आणि कंटाळला की दुसऱ्याकडे जायचा. दुसरा बिचारा लगेच सांगायचा.

पहिला पत्ता पुसला आणि दुसऱ्याला त्याच्या जागी बसवलं. साइट चटकन उघडली. त्या दिवशीचे कागद ऊन असतानाच मुंबईला पोचले, आणि काम माझ्याकडेच राहिलं. भावाचा फोन आला, "बघ, प्लॅन वाढवलास ना?" मी म्हटलं, "नाही. तुझा जुना नंबर पुसला." तो म्हणाला, "मला विचारायचंस तरी."

हे तुम्हाला पाठवायचं नाहीच. पोचतं केलं असतं, तरी तुम्ही अक्षर वाईट म्हणून परत दिलं असतंत. एक तेवढं सांगायचं राहिलं. तो पत्ता पुसायच्या आधी माझं बोट थांबलं होतं. घरात कुणी नव्हतं, तरी मी उठून भिंतीवरच्या तुमच्या फोटोसमोर गेले आणि चक्क मोठ्याने विचारलं, "अप्पा, पुसू का?" राउटर निदान थोड्या वेळाने कंटाळून पुढे जातो. मी तिथे बराच वेळ उभी होते.