डाव्या दारातला स्पीकर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, धंदा मोटारींना स्टिरिओ व स्पीकर बसवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी शुद्ध जागेवर आहे. डॉक्टरीणबाईंनी आज मला वार, महिना विचारून आणि शंभरातून सात सात वजा करायला लावून खात्री करून घेतली. कान मात्र गेले आहेत. पण मृत्युपत्राला कान लागत नाहीत, असे वकिलांचे मत पडले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात लिहिले होते.

१. वडिलांनी ठेवलेले दुकान, मागची खोली आणि सगळी हत्यारे माझ्या धाकट्या भावाला द्यावीत. जुन्या मृत्युपत्रात मी त्याचा उल्लेखही केला नव्हता.

२. बँकेतली शिल्लक त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला. तिला शेवटचे पाहिले तेव्हा ती चार वर्षांची होती. पैसे कसे वापरावेत हा उपदेश मी करणार नाही, तो हक्क मी गमावला आहे.

३. लोखंडी शिडी शेजारच्या रेडिएटरवाल्याला. तशी ती नऊ वर्षे त्याच्याकडेच आहे. सीट कव्हरवाले साक्षीदार असल्यामुळे त्यांना कायद्याने काही देता येत नाही, तरी त्यांनी माझ्या फिरत्या स्टुलावर डोळा ठेवणे सोडावे.

४. लाल वायरीला टाका दिलेले, स्पीकरचे ओहम मोजायचे पिवळे मीटर धाकट्याचेच आहे. ते मी देत नाही, परत करते आहे. त्याचे कारण सांगणे मला भाग आहे.

बावीस वर्षांपूर्वी एका टॅक्सीवाल्याचे फाटलेले स्पीकर बदलायचे होते. त्याचा स्टिरिओ चार ओहमच्या स्पीकरांसाठी होता. स्पीकरचा ओहम कमी झाला की सेटवर भार वाढतो आणि सेट जळतो, एवढे आमच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात. मी फळीवरचा डबा काढून दिला. धाकट्याने नेहमीप्रमाणे बसवण्याआधी मोजले.

"ताई, चारचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. हा पावणेदोन दाखवतोय. हे दोन ओहमचे आहेत."

"डब्यावर चार लिहिलंय. तुझं मीटर बिघडलंय. बसव गुपचूप."

त्याने बसवले. तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाला जळका सेट घेऊन आला, आणि भरल्या दुकानात मी म्हणाले, "यानं मोजलंच नाही. शंभरदा सांगितलं, पण ऐकेल तर शपथ."

"ताई, मी मोजलं होतं," एवढेच तो बोलला. मीटर काउंटरवर ठेवून निघून गेला. या धंद्यात माझा शब्द चालत होता, त्यामुळे त्याला पुन्हा कोणी गाडीला हात लावू दिला नाही. आज तो एका गोदामात खोकी मोजतो.

आठव्या दिवशी फळी झाडताना चार ओहमची कोरी जोडी फडक्यात गुंडाळलेली सापडली. तिच्या डब्यात दुसऱ्या गाडीतले काढलेले स्पीकर मीच घाईत भरून ठेवले होते. दोनदा मी त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आले. मला लाज वाटत होती, आणि जितकी वर्षे गेली तितके तोंड दाखवणे अवघड झाले. गेल्या महिन्यात धीर करून फोन लावला. पलीकडून कोणी तरी बोलत होते, मला एक शब्द ऐकू आला नाही. "माझं चुकलं" असे म्हणून मी फोन ठेवला. तो धाकटा होता की आणखी कोणी, मला माहीत नाही.

ते मीटर मी तेव्हापासून रोज वापरते. कान गेल्यावर तर त्याच्याच भरवशावर दुकान चालवले. ते एकदाही चुकलेले नाही.

५. माझे त्या दिवशीचे खोटे ज्यांनी ऐकले, त्यांतले चार दुकानदार अजून याच रस्त्यावर आहेत. वकिलांनी त्यांना दुकानात बोलावून धाकट्यासमोर कलम चार मोठ्याने वाचावे. तो आला नाही तरी वाचावे.

६. माझी गाडीही त्यालाच. तिला नवे स्पीकर त्यानेच बसवायला घेतले होते. उजव्या दारातला बसवून झाला, डावा दुसऱ्या दिवशी बसवायचा होता. दुसऱ्या दिवशी टॅक्सीवाला तो जळका सेट घेऊन आला. डाव्या दारात आजही नुसत्या तारा आहेत, मी तिथे कोणाला हात लावू दिला नाही. जोडीतला दुसरा स्पीकर डिकीत डब्यात आहे. तो धाकट्याने बसवावा. डब्यावर मी काय लिहिले आहे ते बघू नये. आधी मोजावे. या वेळी ताई मध्ये बोलणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, दोघा साक्षीदारांसमक्ष सही केली. आम्ही दोघा साक्षीदारांनीही तिच्यासमोर सह्या केल्या.

(सही) लिहून ठेवणार, स्टिरिओवाली ताई

साक्षीदार :
(सही) सीट कव्हरवाले. स्टुलाबाबतचा मजकूर अमान्य, बाकी सर्व मान्य.
(सही) डॉक्टरीणबाई

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : नऊ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजता