दुनळीवरची अक्षरं

शुक्रवार, संध्याकाळ. अल थुमामा.

आमचे कतारी साहेब जुन्या बंदुका जमवतात. आज त्यांनी मला उम्म सलाल मोहम्मद गावातल्या त्यांच्या शेतावर बोलावलं. विकणाऱ्याने एक जाड नळीची रायफल आणि एक जुनी दुनळी बंदूक दाखवायला आणली होती. दुनळीच्या लाकडी दस्त्यावर मराठी अक्षरं कोरलेली.

"काय लिहिलंय?" साहेबांनी विचारलं.

'चि. बाळूस, बाबांकडून.' मी अर्थ सांगितला.

साहेबांनी ती हलकेच खाली ठेवली. "बापाने मुलाला दिलेली वस्तू मी घेणार नाही. खलास, विषय संपला." मग त्यांनी रायफल घेतली.

साहेबांनी दुनळी जपली तरी असती. नुसतं नाव आहे, असं म्हणायला हवं होतं का? पण खोटं कशाला बोलायचं? आणि बाळूने ती स्वतःच विकली असेल तर?

विकणाऱ्याचा नंबर घेऊन आलोय. फोन करून त्याला काय विचारायचं, तेच कळत नाही.