भिंतीबाहेरची आयो

सेमरटोली मिशन,
३ नोव्हेंबर १९९४

प्रिय बिबियाना,

येसू सहाय. इकडे सगळे बरे आहोत. तुम्हीही तिकडे चहाच्या बागेत बरे असाल असं धरून चालतो, कारण तू काही कळवत नाहीस. भात कापून झाला. माझे गुडघे दुखतात, पण रविवारी प्रार्थना सांगायला उभा राहतो. 'फादरांचा नोकर' म्हणून तू मला सोडून गेलीस, ती नोकरी अजून चालू आहे.

काल मृतांचा सण झाला. सगळ्यांनी कबरींना चुना लावला, मेणबत्त्या लावल्या. आपली आयो कबरस्तानाच्या भिंतीबाहेर. तिच्याकडे मी सकाळीच, कोणी यायच्या आत जाऊन आलो.

आता कामाचं. फादर कोर्नेल यांना संत ठरवायचं चाललं आहे. रांचीहून एक तरुण फादर येऊन साक्षी लिहून घेतात. जमीनदाराच्या घशातून आपली शेतं फादरांनीच काढली, हे जो तो सांगतो. खरंच आहे ते, आयोही सांगायची. पण सगळ्यांना हवी आहे तुझी गोष्ट. चार वर्षांची असताना तू तापानं फणफणलीस, फादर तीन दिवस तुझ्या उशाशी गुडघे टेकून होते, आणि तू उठून बसलीस.

मिशनच्या जुन्या वहीत मात्र त्याच तापात आयोनं भगताकडून कोंबडी कापवल्याचं लिहिलं आहे. मला विचारलं, खरं काय? मी बायबलवर हात ठेवून सांगितलं, कोंबडी नव्हती. तरुण फादर खूश झाले.

"मग तुमच्या आईवर अन्यायच झाला," ते म्हणाले. "तुम्ही दोघा भावंडांनी लिहून दिलंत तर त्यांना भिंतीच्या आत आणू."

कोंबडी नव्हती असं लिहिलेला कागद सोबत आहे. खाली तुझा अंगठा हवा.

तू म्हणशील, मग आयोनं नऊ वर्षं चर्चच्या दाराबाहेर, उन्हात गुडघे कशाला टेकले? दर ईस्टरला फादर तिला म्हणायचे, कोंबडी दिली नाही म्हण आणि आत ये. तिचं उत्तर ठरलेलं. "तुमच्या प्रार्थनेनं ताप उतरला असेल, फादर, मी कुठं नाही म्हणते? पण कोंबडी मी दिली. देऊन झाल्यावर नाही दिली कसं म्हणू?" हट्टी बाई. एक वाक्य बोलली असती तर आत निजली असती. ती गेली तेव्हा मी फादरांच्या शेजारी उभा होतो. तिला आत घ्या असं माझ्या तोंडून निघालं नाही.

आणि बिरसीकाकीला शिव्या घालणं आता बंद कर. चहाडी तिनं केली नाही. पत्र तुला तुझा मुलगा वाचून दाखवत असेल, एवढं त्यानं सावकाश वाचावं. फादरांना मी सांगितलं. नऊ वर्षांचा होतो. लाल कोंबडी, परसातला दगड, भगताचं नाव, काही लपवून ठेवलं नाही. त्याच महिन्यात त्यांनी मला बोर्डिंगात घेतलं. आयोला सगळं ठाऊक होतं. जायच्या दिवशी तिनंच माझा सदरा धुऊन दिला. मला लाज वाटते, बिबी, रोज वाटते.

अंगठा देणार नसशील तर नको देऊस. मग आयो बाहेरच राहील, आणि या वेळी तुझ्यामुळे राहील. चव्वेचाळीस वर्षं मी हे घेऊन जेवलो, झोपलो. आता तू जेवून बघ.

मानत असशील तर, तुझा दादा,
बोनिफास कुजूर