डाव्या सीटवरचा टॉवेल

प्रिय शोभा,

आज सकाळी मी गाडी सुरू केली, खाली उतरलो आणि मागे सायलेन्सरपाशी, तुझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. म्हणून लिहायला बसलो. हे दुसऱ्या कोणाला सांगू?

रायपूर राजधानी झाली त्या वर्षी आपण ही जुनी गाडी घेतली. तुला ती चालवता कधी आली नाही. पण मी गाडी काढली की तू हातातलं काम टाकून, पदर खोचून मागे हजर! मी पुढे डॅशबोर्डवरच्या गणपतीला अगरबत्ती लावायचो आणि तू मागून ओरडायचीस, "धूर पांढरा आहे, दवाचा! जा!"

एकदा मात्र डिक्कीवर थाप मारलीस. "अहो, थांबा! निळा येऊन राहिला. ऑइल जाळून राहिली तुमची गाडी."

मी म्हणालो, "मले तर काही वास नाही येत."

"तुमाले कसा येईन? तुमाले सगळाच धूर देवापुढचा वाटते!"

सगळा पारा, अख्खी गल्ली हसली होती. आठवतं?

राजिमच्या जत्रेहून येताना तू मध्येच नाक वर केलंस. "गुळाचा पाक उकळल्यासारखं काय येते?" मी उसाचं गुऱ्हाळ शोधत बसलो, आणि रेडिएटरमधलं कूलंट इंजिनात जळत होतं.

तू गेलीस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यालाही आता वर्ष उलटून गेलं. तुझ्या सीटला डोकं टेकायच्या जागी बांधलेला टॉवेल मी तसाच ठेवला. तू घरी उकळायचीस त्या माक्याच्या तेलाचा वास त्यात होता. तो जाऊ नये म्हणून काचा कधी खाली केल्या नाहीत. मे महिन्यातही नाही. घामाने निथळत ऑफिसला जायचो. वेडेपणाच, नाही? पण नव्या रायपूरचा तो रुंद, रिकामा रस्ता संपेपर्यंत तू शेजारी असायचीस.

मिनू बाळंतपणाला आली आहे. आई नसलेल्या माहेरी! काल तिला तपासणीला नेत होतो. ती मागे बसली होती.

"पापा, खिडकी खोलो ना. सर भारी हो रहा है. कैसी बास आ रही है?"

"अगरबत्ती आहे, बेटा."

"अगरबत्ती नहीं है, पापा."

माझा हात काचेच्या हँडलवर गेला आणि तिथेच थांबला. शेवटी तिनेच आपली काच उतरवली. बाहेरचा वारा आत आला, आणि पोरीला बरं वाटेल हे मनात येण्याआधी आलं, बाहेर चालली शोभा.

रात्रभर तो विचार टोचत राहिला. पोटुशी पोर मागे बसली आहे आणि मी काय जपतो आहे?

म्हणून आज अगरबत्ती लावलीच नाही. मागे उभं राहून पाहिलं. धूर पांढरा, अगदी विरळ. तू "जा" म्हणाली असतीस. तरी, धूर मध्येच कुठे गळतो का हे बघायला तू करायचीस तसं, ओलं फडकं सायलेन्सरच्या तोंडावर दाबलं आणि कान दिला. गाडीच्या पोटातून, तुझ्या सीटच्या खालून, फुसफुस ऐकू आली.

मग तुझ्या सीटवर बसलो. टॉवेलमध्ये नाक खुपसलं. तुझं तेल शोधत होतो, शोभा. नुसता धूर लागला.

गुढियारीच्या मिस्त्रीने गाडी उचलली. "हव भैया, पाइप बीच से सड़ गया है. धुआँ पीछे कम, भीतर ज्यादा जा रहा है." मग हात पुसत म्हणाला, "काँच बंद रखते थे क्या?"



तू धुराचे सगळे रंग शिकवलेस. जो धूर दिसतच नाही, त्याचं काहून नाही सांगितलं गं? की सांगितलं होतंस, आणि मी तेव्हा हात जोडून बसलो होतो?

अगरबत्ती आता घरच्या देवापुढेच लागेल. गाडीतला गणपती आहे तिथेच राहील, त्यालाही जरा वारा लागू दे. आणि मिनू बाळाला घेऊन दवाखान्यातून निघेल त्या दिवशी आधी मी मागे उभा राहीन, नीट पाहीन, नीट वास घेईन, मगच दोघांना बसवीन. हा शब्द तुला.

पाइप नवा बसवला. गुढियारीहून घरापर्यंत चारही काचा खाली करून आलो. दारात गाडी थांबवून टॉवेलची गाठ सोडली. तुझ्याच हातची, घट्ट होती, वेळ लागला. मग मीच धुतला. आता अंगणात दोरीवर वाळतो आहे.

मिनूचे बाबा