डोहावरची पावलं

१२ एप्रिल १९८३, इस्लापूर
पोचलो एकदाचा! लातूर जिल्हा झाल्याचे पेढे अजून तोंडात आहेत, तोच संस्थेने मला नांदेडच्या टोकाला, किनवटच्या रानात धाडलं. काम मात्र आवडीचं. दुष्काळात डोहावर कोणती जनावरं येतात ते पाहायचं आणि जुन्या कोलाम आदिवासी माणसांचं रानाचं ज्ञान आमच्या पद्धतीशी जोडायचं. खोली बरी आहे. लातूरच्या शेजारीण उमाबाईने बांधून दिलेले धपाटे अजून मऊ आहेत. सोबतीला भीमा कोलाम, साठीचा, मोजकं बोलणारा.

१५ एप्रिल
ओढे सगळे आटलेत, हा एकच डोह उरलाय. भीमाने चिखलातला माग पाहून सांगितलं : अस्वलाची मादी, मागचा उजवा पाय दुखरा, सोबत पिल्लू. दुपारी नेमकी तीच आली. शिकलेला म्हणे मी! निघताना तो पळसाची फांदी घेऊन उलटा चालतो आणि आम्हा दोघांची पावलं पुसत येतो, थेट माझ्या पायरीपर्यंत. मैलभर.

१९ एप्रिल
पुसणं बंद करायला लावलं. त्यात जनावरांचे ठसेही जातात, नोंदी बिघडतात. भीमा म्हणाला, पानी त्याचं हाय सायेब, पाऊल मागं सोडलं की त्यो त्याच पावलात पाय टाकीत येतो. कोण, ते सांगेना. आमचं ज्ञान घेताव तर आख्खं घ्या, एवढं बोलून त्याने फांदी टाकली. मी साहेब, म्हणून ऐकलं त्याने. वाईट वाटलं, पण उन्हाने इतका शिणलो होतो की बोलणं वाढवलं नाही.

२४ एप्रिल
माझ्या बुटाच्या प्रत्येक ठशात एक अनवाणी पाऊल. ओलं. एवढ्या उन्हात, डोहापासून अर्ध्या वाटेपर्यंत, ओलंच. भीमाने पाहिलं. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना इचारून येतो, तंवर कशाला हात लावू नका, असं बजावून गेला.

२६ एप्रिल
आज पायरीपर्यंत. परत गेल्याचा ठसा नाही. दोन दिवस डोळ्याला डोळा नाही. भीती वाटते, फार वाटते. भीमा अजून नाही.

२७ एप्रिल, दुपार
वाट पाहवेना. फांदी तोडली. डोहापासून पायरीपर्यंत उलटा चालत सगळं पुसलं. एकही ठसा ठेवला नाही. कंबर मोडली, पण हायसं—

भीमा आला. जमीन पाहून अंगणातच थांबला. म्हणाला, त्यो आत हाय. त्याच ठशांवरनं त्याला माघारी न्यायचं व्हतं. त्याची वाट तुमी पुसली, सायेब.

आता भीमा अंगणातून उलटा चाललाय. स्वतःची पावलं पुसत. हाका मारल्या. मान वर करत नाही—

मी पायरीवरच. उठवत नाही. मागे फरशीवर—ओल्या पायांचा—अगदी जव—